उजेडापुरता माणूस

दारात उभी असलेली बाई म्हणाली, "आमच्या सासऱ्यांचे फोटो तुमच्याकडे आहेत ना?" आणि त्याच्या हातातला दाढीचा ब्रश गालावरच थांबला. अर्धा गाल फेसानं भरलेला, अर्धा कोरडा, अशा अवतारात परक्या बाईसमोर उभं राहायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती. आधी तो त्याचाच ओशाळला, त्यामुळे ती कुणाविषयी बोलतेय हे कळायला वेळ लागला. सुकाणी, ती म्हणाली. खाडीवरची लाँच चालवायचे ते सुकाणी. परवा पहाटे झोपेतच गेले. रविवारी माणसं भेटायला येणार आहेत, भिंतीवर लावायला फोटो हवा आहे, आणि घरात आहे तो फक्त लाँचच्या परवान्यावरचा, तोही ऐन तारुण्यातला, कपाळातून टाचणी गेलेला. तिनं तो पिशवीतून काढून त्याच्या ओल्या हातात दिला आणि म्हणाली, "तुम्ही रोज त्यांचा फोटो काढायचात. रोज सकाळी माझ्याकडून शर्टाला इस्त्री करून घ्यायचे. म्हणायचे, साहेब फोटो काढतात, चुरगळलेला बरा दिसत नाही. त्यातला एखादा चांगला बघून ठेवा काका, मी संध्याकाळी येते." तो "हो, हो" म्हणाला. ती जिना उतरून गेली तरी तो परवान्याचा फोटो हातात धरून दारात उभा होता. परवा आणि काल, दोन्ही दिवस त्यानं धक्क्याच्या पायऱ्यांवर सुकाण्याची वाट पाहिली होती. कालचा फोटो त्याच्याशिवाय काढला तर आभाळ सगळं पांढुरकं आलं, आणि त्यानं मनातल्या मनात सुकाण्याला नावं ठेवली होती, की हा माणूस न सांगता कुठे उलथला. आरशासमोर परत आला तेव्हा गालावरचा फेस वाळला होता.

फोटो नव्हते. एकही नव्हता. दार लावतानाच त्याला हे ठाऊक होतं, तरी त्यानं फोन उघडला, कारण खिसा रिकामा आहे हे माहीत असूनही माणूस तो चाचपतोच. बायको गेल्यावर जुनं घर विकून त्यानं या समुद्रकाठच्या शहरात दोन खोल्या घेतल्या होत्या. का, ते त्याला नीट सांगता आलं नसतं. तिला समुद्र आवडायचा हे खरं, पण ती असताना दर वर्षी 'पुढच्या वर्षी बघू' म्हणणारा तोच होता. ती गेल्यावर एकट्यानं समुद्र बघत बसण्यात कसलं शहाणपण होतं कोण जाणे. लेक दूर, इथला दिवस म्हणजे तिची रात्र अशा मुलखात. तो फोनवर 'बरा आहे' यापलीकडे बोलत नाही म्हणून ती कावली होती, आणि शेवटी तिनं अट घातली की बोलू नका बाबा, पण रोज एक फोटो पाठवा, रोज नव्या जागेचा, म्हणजे तुम्ही घराबाहेर पडलात एवढं तरी मला कळेल. आधी त्याला ही शाळकरी हजेरी वाटली. मग गोडी लागली. बर्फाचा कारखाना आणि त्याच्या नाल्यातून वाहणारं वाफाळ पाणी, लिलाव संपल्यावर धुऊन काढलेला मासळीबाजाराचा ओटा, मिठाच्या गोदामांची खारानं फुगलेली दारं, जुन्या गोदीत आडवे पडलेले गंजके नांगर. शहर लहान नव्हतं, आणि दिवसाला एक कोपरा संपवायचा म्हटला तरी ते त्याच्या आयुष्याला पुरून उरलं असतं. लेकीकडून रोज एक अंगठा यायचा, कधी 'छान' असं यायचं, आणि तेवढ्यावर त्याचा दिवस जायचा.

आता तो खुर्चीत बसून ते फोटो एकेक करून मागे सरकवत होता. गोदी, पायऱ्या, दीपगृहाची भिंत, कस्टमच्या इमारतीचं बंद पडलेलं घड्याळ. सगळं कसं स्वच्छ होतं. छापखान्यातल्या कुणी पाहिलं असतं तर त्याची पाठ थोपटली असती, कारण तिथे त्याची उभी हयात हेच करण्यात गेली. खालून दिवा असलेलं काचेचं टेबल, त्यावर निगेटिव्ह, हातात दोन केसांचा म्हणावा असा ब्रश आणि वाटीत लाल रंग. निगेटिव्हवर जिथे लाल रंग लागतो तिथून उजेड जात नाही, आणि जिथून उजेड जात नाही ती जागा कागदावर कोरी येते. एवढंच शास्त्र, आणि त्याच्या जोरावर त्यानं माणसंच्या माणसं नाहीशी केली. अध्यक्षांशी बिनसलेला चिटणीस, संघातून काढलेला खेळाडू, नवरा-नवरीच्या मधून डोकावणारी कुणाची तरी आत्या. छापखान्यात सगळे त्याला 'सफाई' म्हणत. सफाईकडे द्या, तो सासूलासुद्धा गायब करेल, असा तिथला एक विनोद होता, आणि तो स्वतःही तो हौसेनं सांगे. हळूहळू डोळ्यालाच तशी खोड लागली. कुठलंही दृश्य पाहिलं की आधी त्यात नको ते काय आहे हे दिसायचं. विजेची तार, कपड्यांची दोरी, वाटसरू. वाटसरू आणि तार यांत त्याच्या लेखी फारसा फरक नव्हता, दोन्ही डागच.

सुकाणी त्याला भेटला तो असाच डाग म्हणून. धक्क्याच्या पायऱ्या ओहोटीला शेवाळासकट उघड्या पडल्या होत्या, तिरपं ऊन आलं होतं, आणि बरोबर मध्यभागी एक म्हातारा पाय पसरून बसला होता. यानं सभ्यपणे विचारलं, जरा बाजूला होता का? म्हातारा लगेच उठला आणि बाजूला होऊन, कुठल्याही आमंत्रणाशिवाय बोलू लागला. खाडीवर पूल झाला आणि लाँच बंद पडली, तेव्हापासून त्याला काम नव्हतं आणि तोंडाला विश्रांती नव्हती. दुसऱ्या दिवशी तो पायऱ्यांवर हजर. तिसऱ्या दिवशी म्हणाला, चला साहेब, तुम्हाला गोदी दाखवतो. तेव्हापासून रोजचं हे ठरूनच गेलं, कुणी ठरवलं नसताना. सुकाणी शहर दाखवायचा म्हणजे थापा मारायचा. कस्टमचं घड्याळ बंद का, तर म्हणे त्याच्या टोल्यांनी बंदरातली मासळी पळायची. गोदीमागच्या दुमजली घरात एका कप्तानाच्या दोन बायका वर-खाली राहत, आणि एकीला दुसरीचा पत्ता जन्मात लागला नाही. अहो, जिना तर एकच आहे, असं यानं म्हटलं तर सुकाणी गंभीरपणे म्हणाला, म्हणूनच तर कप्तान नेहमी समुद्रावर असायचा. तो हसला होता. बायको गेल्यानंतर पहिल्यांदाच मोठ्यानं हसला असावा, आणि आपल्याच आवाजानं दचकून त्यानं इकडेतिकडे पाहिलं होतं.

पण फोटो काढायची वेळ आली की तो पुन्हा सफाई व्हायचा. समुद्रकाठचा उजेड लबाड असतो. पाण्यावरून, चुन्याच्या भिंतींवरून, आभाळातून असा चहूकडून येतो आणि फोनला फसवतो. छापखान्यात यासाठी करड्या रंगाचं एक कार्ड असायचं. ते वस्तूपुढे ठेवून एक चाचणी घ्यायची, उजेड जोखायचा, मग कार्ड काढून खरा फोटो. इथे कार्ड नव्हतं. सुकाणी होता. उन्हानं रापलेला त्याचा चेहरा या कामाला अगदी बेतशीर निघाला. सुकाणी, जरा तिथे खांबापाशी उभे राहा. सुकाणी उभा राहायचा, गळ्याचं बटण लावायचा, हात सरळ सोडायचा. एक फोटो. तो बघून उजेड कमी-जास्त. मग, आता जरा बाजूला व्हा. मग खरा फोटो, रिकाम्या खांबाचा, लेकीसाठी. सुकाण्याचा फोटो तो तिथल्या तिथे पुसायचा, आणि संध्याकाळी घरी आल्यावर फोनची कचरापेटीही रिकामी करायचा, जसा छापखान्यातून निघताना ब्रश धुऊन टेबल पुसायचा. कचरा साठवायची त्याला सवय नव्हती. सुरुवातीला एकदा सुकाण्यानं विचारलं होतं, "बरा येतो का हो मी?" त्याच्या मनात आलं होतं की सांगावं, हा नुसता चाचणीचा असतो. पण सांगायचं तर सगळं समजावून सांगावं लागलं असतं, ऊन सरकत होतं, आणि असं एखाद्याला तोंडावर सांगणं बरंही दिसलं नसतं. तो म्हणाला होता, "बरा म्हणजे काय, झकास." त्यानंतर सुकाणी बटण लावण्याआधी केसांवरून ओला हातही फिरवू लागला. हे त्यानं पाहिलं होतं. पाहिलं नव्हतं असं आता स्वतःला सांगायला गेला तरी ते खोटं होतं.

बायकोनं हे ऐकलं असतं तर ती म्हणाली असती, तुमचं काही बदलायचं नाही. लग्नानंतर ते फिरायला गेले तेव्हा त्यानं मित्राचा कॅमेरा मागून नेला होता, रोल महाग होता, आणि प्रत्येक फोटो विचार करून काढायचा होता. कड्यावर उभं राहून तो तिला म्हणाला होता, तू जरा बाजूला हो, दरी पुरी येत नाही. ती बाजूला झाली. धबधब्यापाशीही झाली. परत आल्यावर फोटो पाहायला आलेल्या मैत्रिणींनी विचारलं, अगं, तू गेली होतीस ना? तेव्हा ती हसत म्हणाली होती, गेले होते ना, पिशवी धरायला. वर्षानुवर्षं तिनं हे हसतच सांगितलं, आणि ती हसते म्हणजे तिला त्याचं काही वाटत नाही, असा सोयीस्कर हिशेब त्यानं करून टाकला. ती गेली तेव्हा भिंतीवर लावायला तिचा धड एक फोटो नव्हता. मेव्हणीच्या मुलीच्या लग्नातल्या घोळक्यातून त्यानं तिला काढली. आजूबाजूची सगळी माणसं पुसली. तिच्या खांद्यावर तिच्या बहिणीचा हात होता, तोही पुसला आणि तिथे खांद्याची नवी रेघ पाडली. हात त्याचा सराईत, पण त्या दिवशी रेघ थोडी चुकली. तिचा तो एक खांदा किंचित उतरलेला दिसतो. आलागेला कुणी ओळखत नाही. तो मात्र चहाचा कप घेऊन त्या भिंतीसमोरून जाताना अजून मान खाली घालतो. दुसऱ्या कुणाला एवढी गोष्ट सांगायला त्याला वर्षं लागली असती, पण सुकाण्याला त्यानं ती एका सकाळी धक्क्यावर सहज सांगून टाकली होती, दरी आणि धबधबा आणि पिशवी, सगळं. सुकाणी एरवी मध्ये बोलल्याशिवाय राहायचा नाही. त्या दिवशी तो नुसता पाण्याकडे बघत बसला, आणि याला वाटलं, त्याचं लक्ष नसावं.

दुपारी तो कोपऱ्यावरच्या मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे जाऊन आला. त्यानं फोन उलटासुलटा केला आणि सांगितलं, पेटीतूनही काढून टाकलंत ना, मग गेलं ते गेलं. एवढ्या नीटनेटकेपणाची काही गरज नव्हती, असंही वर म्हणाला. मग त्याला लेक आठवली. तिच्याकडे सगळे फोटो आहेत, चुकून एखाद्यात सुकाणी राहून गेला असेल, कडेला, लांब, पाठमोरा का होईना. तिकडे मध्यरात्र उलटली असणार हे ठाऊक असूनही त्यानं फोन लावला. ती घाबरून उठली. तो बरा आहे हे चारदा ऐकल्यावर तिचा जीव भांड्यात पडला, आणि फोटोंचं ऐकून ती म्हणाली, "बाबा, तुमच्या एकाही फोटोत माणूस नाही."

"नीट बघ ना. एक म्हातारे गृहस्थ असतील. रोज माझ्याबरोबर असायचे."

ती म्हणाली, "तुमच्याबरोबर कुणी असायचं? मला कधी बोलला नाहीत. मी रोज ते रिकामे रस्ते, रिकामे बाक बघायची आणि मला वाटायचं, बाबा तिथे एकटेच हिंडतायत. खूपदा रडले मी त्यावर."

तो म्हणाला, झोप आता, उद्या बोलू. पण फोन ठेवल्यावर त्याला तिथून उठवेना. आपण पाठवलेला प्रत्येक फोटो तिकडे असा पोचत होता. खुशाली म्हणून तो रोज नेमानं तिला एक रिकामी जागा पाठवत होता, आणि त्या जागेच्या हातभर अंतरावर एक माणूस गळ्याचं बटण लावून उभा होता. साध्या दोन शब्दांचं काम होतं, इथे एक सोबती मिळालाय. ते दोन शब्द का लिहिले नाहीत, तर सुकाण्याला सोबती म्हणायचं त्याच्या मनातच कधी आलं नव्हतं. उलट आपण त्या रिकामटेकड्या म्हाताऱ्याला आपल्या मागेमागे येऊ देतो, तेवढाच त्याचा वेळ जातो, हे आपले त्याच्यावर उपकारच, असं काहीसं तो धरून चालला होता. आता त्याला स्वतःची शिसारी आली.

सरळ मार्ग एक होता आणि सोपा मार्ग एक. सोपा त्याच्या हातातला होता. परवान्याचा फोटो मोठा करायचा, टाचणीचं भोक बुजवायचं, केस पांढरे करायचे, गाल थोडे बसवायचे आणि तो चेहरा खांबापाशी उभा करून द्यायचा. आयुष्यभर माणसं काढली, एक घालायला काय जातं? सुनेला कळलं नसतं, घरी सगळे सुखावले असते, आणि सुकाण्याची गोष्ट खरी ठरली असती. त्यानं चष्मा पुसला, टेबलावर दिवा ओढला आणि कोऱ्या कागदावर पेन्सिलीनं चेहरा काढायला घेतला. कपाळ आलं. भुवयांपाशी पेन्सिल अडली. सकाळी त्या चेहऱ्यावर उजेड आधी डाव्या गालावर यायचा, नाकाची सावली ओठांपर्यंत जायची, हनुवटीखाली अंधार राहायचा, हे त्याला डोळे मिटूनही सांगता आलं असतं. पण डोळे कसे होते? घारे की काळे? कानाची पाळी सुटी होती की चिकटलेली? हसताना कुठला दात नव्हता? रोज त्या चेहऱ्याकडे तो इतक्या बारकाईनं बघत आला होता आणि त्याला त्यातलं काहीच दिसलेलं नव्हतं. तो माणूस त्यानं फक्त उजेडापुरता पाहिला होता. पेन्सिल खाली ठेवताना त्याला कळलं की आता दुसरा मार्ग उरलेला नाही, आणि सून जिना चढून यायच्या आत आपण गेलेलं बरं. निदान ते तरी आपल्या पायांनी करावं.

सुकाण्याचं घर खाडीच्या अंगाला, दोरखंडाच्या दुकानाच्या माथ्यावर होतं. इतक्या महिन्यांत सुकाण्यानं त्याला साऱ्या शहरातून फिरवलं, पण या जिन्याशी दोघं कधी थांबले नव्हते. घर विचारायचं यालाही कधी सुचलं नव्हतं; आज धक्क्यावर विचारत विचारत तो इथवर आला. सुनेनं दार उघडलं आणि तिचं लक्ष आधी त्याच्या हातांकडे गेलं. हात रिकामे होते. आत खिडकीपाशी सुकाण्याची बायको पाय जवळ घेऊन बसली होती, बारीक अंगाची, मोठ्या चष्म्याची. कुणीतरी भिंतीवर खिळा आधीच मारून ठेवला होता. म्हातारीनं त्याला समोरच्या खुर्चीत बसायला सांगितलं. पाणी आलं. त्यानं ते पूर्ण पिऊन टाकलं, पेला खाली ठेवला, आणि मग, वाक्याची काहीही जुळवाजुळव न करता, म्हणाला, "माझ्याकडे त्यांचा एकही फोटो नाही. मी रोज काढायचो आणि रोज पुसायचो. मला फक्त उजेड बघायचा असायचा. त्यांना मी हे सांगितलं नाही. तुमची माफी मागायला आलोय."

सून स्वयंपाकघराच्या दारात थबकली. "रोज पुसायचात?" ती म्हणाली. "आणि ते रोज येऊन आम्हाला सांगायचे, आज गोदीत काढला, आज दीपगृहापाशी काढला." तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर त्याला बसायला सोपं गेलं असतं.

म्हातारी मात्र चष्म्यातून त्याच्याकडे शांतपणे बघत होती. मग सुनेला म्हणाली, "तुला सांगितलं नव्हतं गं त्यांनी. तू हौसेनं इस्त्री करायचीस, तुझा हिरमोड नको म्हणून." आणि त्याच्याकडे वळून म्हणाली, "त्यांना ठाऊक होतं, साहेब. तुम्ही पुसताना त्यांनी पाहिलं होतं. पहिल्या आठवड्यातच."

त्याला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. "मग ते उभे कशाला राहायचे?"

"मीही तेच विचारलं. म्हटलं, लाज नाही वाटत, रोज जाऊन उभे राहता आणि तो तुम्हाला हुसकतो." ती थोडं हसली आणि तिनं चष्मा काढून पदरानं पुसला. पुसून झाला तरी पुसत राहिली. "तेव्हा नुसते हसले. मग तुम्ही त्यांना तुमच्या बायकोचं काहीतरी सांगितलंत म्हणे, कुठल्याशा दरीचं. त्या दिवशी घरी आले ते गप्पच. संध्याकाळी जेवताना मला म्हणाले, त्या माणसाची बायको गेली गं. आता 'बाजूला हो' म्हणायला त्याला कुणी नाही. मी गेलो नाही तर तो म्हणेल कुणाला?"

खाली दुकानात कुणीतरी दोरखंडाचं वेटोळं जमिनीवर टाकलं. त्या आवाजानं त्याला कळलं की आपला चेहरा पूर्ण ओला झालाय. म्हातारीनं तो पाहिला आणि नजर खिडकीबाहेर नेली. थोड्या वेळानं तो निघायला म्हणून उठला. सुनेला एव्हाना राग आवरेनासा झाला असावा किंवा रडू. ती स्वयंपाकघरातून निघून बाहेरच्या दारात जाऊन उभी राहिली होती, पाठमोरी, चौकटीला खांदा टेकवून. तिच्यापलीकडे जिना होता. त्याला जायला वाट हवी होती, आणि तिच्याकडे वाट मागायचे शब्द काही केल्या त्याच्या तोंडातून निघेनात.